झिजलेला टाक आणि थकलेला हात

गेल्या दिवाळीच्या सुटीत मंडळाची जुनी नोंदवही आमच्या घरी आली. स्मरणिकेसाठी त्यातून जुन्या पदाधिकाऱ्यांची नावे आणि वर्गणीचे आकडे काढून द्यायचे, एवढेच काम होते. आम्ही पडलो सरकारी नोकर. दिवसभर फायली आणि रजिस्टरे चाळायची सवय, म्हणून हे काम आमच्याच गळ्यात पडले. वही जाड पुठ्ठ्याची, वर लाल कापड, आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या दुकानात चोपडा-पूजनाला मांडतात तसल्या चोपड्यासारखी. आत पहिल्या पानावर श्रीगणेशाय नमः आणि त्याखाली मंडळाच्या पहिल्या सभेचा वृत्तान्त.

ही वही पहिली कितीतरी वर्षे एकाच माणसाने लिहिली आहे. ते आपले पहिले चिटणीस. सचिन जीआयडीसी नुकती भरू लागली होती, ताप्ती लाईनने खानदेशातून आलेली माणसे उधना-पांडेसऱ्यात मिळेल त्या खोलीत राहत होती, आणि त्यातली काही कुटुंबे इकडे सचिनला सरकली, त्या काळातले ते गृहस्थ. अर्धे गाव त्यांना काकाच म्हणे, आम्हीही काकाच म्हणतो. काकांची शाळा धुळे जिल्ह्यातल्या खेड्यात टाक-दौतीवर झालेली. बाकी जगाने बॉलपेन धरला तरी मंडळाची वही त्यांनी लाकडी दांडीचा टाक आणि तिरकी कापलेली निब घेऊनच लिहिली.

आकडे उतरवता उतरवता आमचे लक्ष अक्षरांकडे गेले. पहिल्या दोन-तीन वर्षांची अक्षरे पाहावीत. उभी रेघ भरदार, वेलांटीचे टोक केसासारखे बारीक, शिरोरेषा एका जाडीची. पुढे हळूहळू अक्षर फुगत जाते. ‘ष’चे पोट शाईने भरते, अनुस्वाराचा ठिपका डागासारखा पडतो. शेवटच्या वर्षांत तर ओळ कशीबशी चालते, आणि मग एके वर्षी एकदम निळा बॉलपेन आणि दुसरेच अक्षर.

आम्ही पदविका घेतली तेव्हा अजून ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढायला लावत. निब झिजली की रेघ कशी जाड होते हे आम्हाला पाठ. त्यामुळे पुढच्या सभेत आम्ही मोठ्या ऐटीत निदान सांगितले : काकांनी मंडळाची काटकसर जरा जास्तच केली. निब वेळेवर बदलली असती तर वही शेवटपर्यंत देखणी राहिली असती. सगळे हसले. त्या सभेला काकू आल्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नंतर काय सांगितले ते शेवटी सांगू. पण त्या सभेनंतर आम्ही हा विषय जरा नीट पाहायचा ठरवला, आणि पाहता पाहता तो आपल्या ह्या सचिनपर्यंत येऊन पोचला.

सुरुवात अर्थातच गणपतीपासून. महाभारत सांगणारे व्यास आणि लिहिणारा गजानन. अट अशी की सांगणाऱ्याने थांबायचे नाही. कथेची एक लोकप्रिय तऱ्हा अशी की मध्येच लेखणी मोडली. नवी आणायला उठावे तर ओघ तुटतो, म्हणून बाप्पाने आपला दात मोडून त्यानेच लिहिणे चालू ठेवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा गणपती लेखक झाल्याचा प्रसंग मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात घातला, कारण जुन्या पोथ्यांत तो सगळीकडे आढळत नाही. तरी ज्या कोणा लेखकाने ती कथा प्रथम रचली असेल, त्याने स्वतः मांडी घालून पोथ्या नकलल्या असणार हे नक्की. ऐन रंगात आलेल्या मजकुरात लेखणीने दगा देणे म्हणजे काय, हे त्याला पुरेपूर ठाऊक होते.

हाच अनुभव समर्थ रामदासांनी फार बारकाईने टिपला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दासबोध आहे, पण हा समास सहसा कोणी उघडत नाही, कारण त्यात ब्रह्म-माया काही नाही, निव्वळ कारखानदारी आहे. निरनिराळ्या ठिकाणचे बोरू आणावेत, ते बारीक आणि सरळ असावेत, टाक तोडण्याच्या नाना तऱ्हा असाव्यात. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही. आमच्या कार्यालयातल्या किती रजिस्टरांना हा सल्ला वेळीच मिळायला हवा होता! आणि मग मुद्द्याची गोष्ट : पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत दिसावे, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला आहे असे वाटावे.

ह्यातल्या ‘वाटावे’वर आम्ही बराच वेळ थांबलो. एका बोरूने अख्खा ग्रंथ होत नाही हे समर्थांना ठाऊक होते, म्हणून तर नाना ठिकाणचे बोरू जमवायला सांगितले. बोरू बदलणार, दहा वेळा नव्याने तोडला जाणार. फक्त तो बदल वाचणाऱ्याच्या डोळ्यांत येता कामा नये. तो डोळ्यांत कधी येतो? उशीर झाला की. बोरू पुरता बोथट होईपर्यंत लिहीत राहिले आणि मग एकदम नवा कत दिला, तर एक ओळ जाडी आणि खालची सडपातळ असा सांधा पडतो. झीज दिसायच्या आधीच तोडला तर सांधा दिसत नाही.

समर्थांनी ह्याच समासात आणखी एक गोष्ट सांगितली आहे : तरुणपणी फार बारीक लिहून ठेवू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम लिहावे. ही सूचना आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा नुसतीच मजेदार वाटली. आता चाळिशीचा चष्मा लागल्यावर तीच ओळ वेगळी लागते.

खानदेशातल्या वाचकांसाठी एक सांगायलाच हवे. समर्थांच्या स्वतःच्या हातचे म्हणून जपलेले वाल्मीकी रामायण आपल्या धुळ्यात आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात. शंकर श्रीकृष्ण देव ह्या धुळ्याच्या गृहस्थाने १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढे आयुष्यभर मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडे गोळा केली. त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला, आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. सुटीत गावी जाताना आपण धुळ्याच्या स्टँडवर चहा पिऊन पुढची गाडी पकडतो. एखादी गाडी चुकवायला हरकत नाही.

आता बोरू म्हणजे काय हे नव्या मुलांना सांगावे लागेल. पाणथळ जागी उगवणारी वेताच्या जातीची पोकळ काडी. ती वाळवायची, चाकूने एका बाजूने उतरती तासायची, मध्ये एक चीर पाडायची आणि टोकाला एक तिरका छेद द्यायचा. त्या छेदाला जुने लोक कत म्हणत. सगळा जीव त्या कतात. उभी रेघ भरदार आणि वळणाचे टोक बारीक, हा नागरीचा डौल हाताने दाब देऊन येत नाही, तो त्या छेदाच्या तिरकसपणातून आपोआप उतरतो. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या लेखणीचा छेद एका बाजूला तिरका, तर नागरीचा उलट बाजूला. इंग्रजी सुलेखनाची निब आणून मराठी लिहायला बसले की जिथे जाड हवे तिथे बारीक पडते ते ह्यामुळेच. मंडळाच्या मानपत्रांसाठी आम्ही एकदा असा उद्योग करून हात पोळून घेतले आहेत.

गंमत अशी की आपण मराठीत ‘कित्ता गिरवणे’ म्हणतो तेव्हा कित्ता म्हणजे अक्षराचा नमुना. आणि आपला गुजराती शेजारी ‘कित्तो’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात येते ती बोरूची लेखणीच. मूळ अरबी शब्द एकच. दमणगंगेच्या अलीकडे तो वस्तूला चिकटला, पलीकडे नमुन्याला. टांक आणि बरू हे शब्द दोन्हीकडे आहेत. सचिनमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना दोन्ही अर्थ एकाच शाळेच्या वाटेवर ऐकायला मिळू शकतात, ऐकवणारा कोणी असेल तर.

बोरू झिजतो कशाने, तर कागदाने. जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद घोटून गुळगुळीत करत असत. कागद नीट घोटलेला नसेल तर त्याचे तंतू टोकाला खातात आणि चिरेत अडकतात. शाई काजळाची आणि डिंकाची. ती बोरूला गंजवत नाही, पण वाळून चिरेत बसते. म्हणून कलमदानात बोरूंबरोबर एक छोटा चाकूही असे, आणि त्याचे फारसी नाव कलमतराश. अक्षर जरा फुगले, वेलांटीच्या टोकाला मिशी फुटली, की कारकुनाने चाकू काढायचा, टोकाचा जवभर तुकडा उडवायचा आणि पुन्हा लिहू लागायचे. नवी लेखणी आणायची गरज नाही. तीच काडी बोटात धरवेनाशी आखूड होईपर्यंत पुन्हा पुन्हा नवी होत राहते. लेखणी कधी बदलायची, हे कुणाला विचारावे लागत नव्हते. ज्याचा हात त्याचाच चाकू.

अशा चाकू बाळगणाऱ्या माणसांवर मराठी राज्याचा कारभार चालला. फडणीस, चिटणीस, पोतनीस ह्या सगळ्या आडनावांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. आपल्या मंडळाचा सचिव अजून चिटणीसच म्हणवतो, मग तो सगळा कारभार व्हॉट्सॲपवर का करीना. हा कारभार मोडीत चाले. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि त्यांच्याखाली अक्षरे लोंबकळवत न्यायची, होता होईल तो हात न उचलता. शिवकाळात बाळाजी आवजींनी तिला चिटणिशी वळण दिले असे मानतात. पेशवाईत चिटणिशी, बिळवलकरी, महादेवपंती, रानडी अशी घराण्याघराण्यांची वळणे झाली. लगबगीची लिपी असूनही पेशवाईचा चांगला मोडी कागद पाहिला तर रेघ ताजी दिसते. कारकुनाने कुठे चाकू काढला हेही कधीकधी दिसते, म्हणजे समर्थांच्या परीक्षेत तो तिथे नापास झाला. सरकारी कागदाच्या घाईत तेवढे चालायचेच.

आणि आता आपले गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात गादीचा तंटा झाला. त्यातला एक हक्कदार, सिद्दी अब्दुल करीम खान उर्फ बाळू मियाँ, पुण्याच्या आश्रयाला आला. सवाई माधवरावांची कारकीर्द आणि नाना फडणवीसांचा कारभार चालू होता. १७९१ मध्ये त्याने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून द्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळची गावे घ्यायची, असे ठरले. त्यातून सचिन संस्थान निघाले आणि ते १९४८ पर्यंत चालले. जंजिरा मात्र पेशव्यांना मिळाला नाही. किल्ला ज्याच्या ताब्यात होता त्याने तो सोडला नाही. मराठ्यांनी इतक्या मोहिमा काढूनही जो किल्ला घेता आला नाही, तो कागदावरही मिळाला नाही, आणि त्या न मिळालेल्या किल्ल्याच्या बदल्यात दिलेल्या मुलखात आज आपण गणपती बसवतो.

ह्या खटल्याचे मसुदे, याद्या, पत्रे पुण्यात मराठी असोत की फारसी, लिहिली गेली ती बोरूनेच. मोठे फडणीस नाना. हाताखालचे कारकून कागदाला खाऊन बोथट झालेल्या टोकाला कत देत बसलेले. कोणाच्या तरी चाकूच्या एका छेदानंतर आपल्या गावचे नाव मोडीत उमटले असणार. ही आमची कल्पना आहे हे कबूल. पण असल्या कागदांच्या ढिगातूनच इतिहास निघाला. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद अजून हजारोंनी आहेत, आणि गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० नंतरच्या काही वर्षांतच ४५ खंड छापले.

त्याच काळात सुरतेच्या किनाऱ्याजवळ दुसरी लेखणी चालू होती. इंग्रजांची वखार इथे सतराव्या शतकाच्या आरंभापासून. त्यांचे कारकून पक्ष्याच्या पिसाने लिहीत. १६६४ ला महाराज सुरतेवर आले तेव्हाचे जे वर्णन इंग्रजी पत्रांतून आपण वाचतो ते पिसाने लिहिलेले. पीसही चाकूने तासावे लागे, झिजले की पुन्हा तासावे लागे. खिशातल्या छोट्या चाकूला इंग्रजीत आजही पेनचा चाकू म्हणतात ते त्यावरून. सुरतेच्या बाजारात एका ओट्यावर बोरू तोडला जात होता आणि वखारीत पीस. पद्धत वेगळी, कसब तेच.

हे कसब मोडले ते लोखंडाने. १८२० च्या दशकात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावात जॉन मिचेलने यंत्राने पोलादी निबा काढायला सुरुवात केली. पाठोपाठ जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन अशी नावे पुढे आली. पोलादाचा पातळ पत्रा, त्यातून शिक्क्याने कापलेली पाकळी, मध्ये छिद्र, मग बाक, कडकपणासाठी भट्टी, आणि शेवटी ती चीर. हे सारे काम कारखान्यांत बहुतांश बायका करत. एकोणिसाव्या शतकात जगाच्या निबांपैकी फार मोठा हिस्सा ह्या एका गावातून जाई. तिथे आता निबांचे संग्रहालय आहे. आपल्याकडे १८१८ नंतर कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतून हळूहळू ह्या निबा पसरल्या. नव्या वस्तूला आपण जुनेच नाव दिले, टाक. इंग्रजी अमदानीतली मोडी ओळखायची एक खूण अशी की ती बारीक, सपाट, बिनकताची दिसते. बोरूचा भरदारपणा टोकदार निबेत नाही.

पण फरक नुसता दिसण्याचा नव्हता. बोरू तासता येतो, निब तासता येत नाही. तिची दोन पाती सारखी असतात तोवर ती चालते. एक पाते जरा वर चढले की खेळ संपला. शिवाय विलायती शाई. मायफळ आणि हिराकस घालून केलेली ती शाई आम्लधर्मी, कागदात मुरते, वर्षानुवर्षे काळी राहते, आणि जाता जाता पोलादाला खाते. लिहून झाल्यावर निब पुसून ठेवायची तंबी मास्तर द्यायचे ते ह्यासाठी. निबा घ्यायच्या त्या डबीने, बारा डझनांच्या ग्रोसने. लेखणी आता दुकानातली वस्तू झाली, आणि संपली की मागणीपत्र. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी गिरगावात घोडा छापाच्या शाईच्या पुड्या आणि वड्या करायला घेतल्या आणि त्यातूनच पुढे कॅम्लिन झाली, तेव्हा निदान शाई तरी घरची झाली.

‘लेखणी झिजवली’ हा आपल्याकडे गौरव. कुणी आयुष्यभर लिहिले की श्रद्धांजलीत हमखास येते. आणि ‘बोरूबहाद्दर’ ही शिवी. एकाच वस्तूवर असे दोन शब्द, आणि बहुधा एकाच माणसाला दोन्ही लागू. कचेरीत बावीस वर्षे काढल्यावर आम्हाला दोन्ही चालतात.

निब बदलायची वेळ झाली हे ओळखायचे कसे? आमच्या शिकाऊ अनुभवातून आणि जुन्या हातांना विचारून जे कळले ते असे. नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो पुसल्याशिवाय शाई धरत नाही, म्हणून पहिल्या पाच-दहा ओळींवरून तिची परीक्षा करू नये. मग ती लागते. मग पुष्कळ पाने गुणी मुलीसारखी चालते. बिघाड आधी बारीक रेघेत दिसतो, जाड रेघेत कधीच नाही. आपले लक्ष मात्र जाड रेघेकडे असते, म्हणून उशीर होतो. रद्दी कागदावर निबेच्या कडेने एक अगदी बारीक तिरकी रेघ ओढून पाहावी. नव्या निबेची तशी रेघ आठवणीसाठी त्याच कागदाच्या कोपऱ्यात काढून ठेवावी. दोन्हींत डोळ्याला फरक जाणवला की झाले. दुसरी खूण कानाला कळते. हात वर जाताना निब कागदाला नखासारखी करकर लागते. तिसरी, जाड रेघेच्या मधोमध पांढरी फट पडते, रुळांसारख्या दोन रेघा. शाई कमी असली तरी हे होते, म्हणून एकदा बुडवून पाहावे. बुडवूनही फट राहिली तर पाती फाकली. दाब देऊन ती भरून काढायचा मोह होतो, आम्ही तो बऱ्याचदा केला आहे. त्याने दोन ओळी निभतात आणि तिसरीत पानभर डाग.

मानपत्रासारखे एकच पान असेल तर सरळ नवी निब घेऊन बसावे. वहीसारखे लांबचे काम असेल तर निब वर्षाच्या मध्ये बदलू नये, नोंद संपते तिथे बदलावी. हा समर्थांचाच मुद्दा, फक्त आम्ही त्याला सरकारी भाषेत आणला.

फाउंटन पेनाने हा सगळा प्रश्नच मागे टाकला. १८८४ मध्ये वॉटरमनने पेटंट घेतले, सोन्याच्या निबेला टोकाशी इरिडियमचा दाणा आला, आणि तो दाणा माणसाच्या आयुष्यात सहसा झिजत नाही. पण तो गोल असतो, त्याला कत नाही. नंतर बॉलपेन. तोवर शाळांतून मोडीही गेली होती. तिरका कत मेला मात्र नाही, तो छापात जाऊन बसला. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने १८६९ पासून जी बाळबोध टाइपाची परंपरा उभी केली, तिच्या प्रत्येक खिळ्यात ताज्या तोडलेल्या बोरूचे वळण आहे. पुढे र. कृ. जोशींनी ते संगणकात नेले. आपल्या संगणकावरचा ‘मंगल’ हा नागरी टंक त्यांचा. आणि आम्ही रोज कचेरीत ज्या ‘श्रुती’ टंकात गुजराती पत्रे काढतो, त्याच्यामागेही तेच मराठी सुलेखनकार होते, हे कळले त्या दिवशी आम्ही शेजारच्या टेबलावरच्या भाईंना चहा पाजला. अच्युत पालवांनी तर थेट मोडीचाच अभ्यास करून तिला पुन्हा चित्राच्या भिंतीवर आणले. टंकातला बोरू कधी झिजत नाही. दहा हजाराव्या पानावरचा ‘क’ पहिल्यासारखाच. समर्थांची अट इथे विनासायास पुरी होते, आणि तरी मंडळाची वही आम्हाला टंकात नको वाटते.

आता काकूंचे. सभा संपल्यावर त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी घरी बोलावले. चहा झाला, आणि त्यांनी कपाटातून पत्र्याची एक चपटी डबी काढून पुढे ठेवली. आत निबा. निम्म्या कागदात गुंडाळलेल्या, तेलाचा हात जसाच्या तसा. दुसऱ्या कप्प्यात वापरलेल्या, प्रत्येक एका कागदाच्या चिटोऱ्याला टोचलेली आणि चिटोऱ्यावर वर्ष. शेवटच्या पाच वर्षांच्या तर दोन-दोन.

‘निब बदलत होते रे,’ काकू म्हणाल्या. ‘मीच म्हणायची, एवढ्या कशाला लागतात? त्यांना वाटायचं, निबेचंच काहीतरी बिघडलंय. हात कापायला लागला होता, पण ते मानायचे नाहीत. वर्षभर निबाच बदलत बसले.’

आम्ही वही पुन्हा घरी आणली आणि ह्या वेळी भिंग घेऊन बसलो. निब झिजली की बारीक रेघ जाड होते, पण रेघ सरळ राहते. काकांच्या शेवटच्या वर्षांत बारीक रेघा अजून बारीकच आहेत, केसासारख्या. त्या थरथरतात. वेलांटीचे टोक नागमोडी जाते. अनुस्वाराचा डाग पडतो तो निब जागेवर टेकायच्या आधी दोनदा हलते म्हणून. ‘ष’चे पोट भरले आहे ते हात वळणात अडल्यामुळे. आम्हाला फुगलेले अक्षर दिसले, आणि आम्ही कारण दुसरेच लावून मोकळे झालो. एवढ्या नकाशांवर निबा झिजवूनही हा फरक आमच्या लक्षात आला नव्हता.

एक गोष्ट आम्ही आधी पाहिलीच नव्हती. बॉलपेनचे अक्षर जिथून सुरू होते त्याच्या आधीच्या पानावर, शेवटच्या ओळीखाली, काकांनी चार शब्द लिहिले आहेत : ‘येथून पुढे दुसऱ्या हाती.’ खाली सही आणि तारीख, अनंत चतुर्दशीची. त्या चार शब्दांसाठी त्यांनी नवी निब घातली होती. चीर अगदी बंद, कडा ताज्या. ओळ तेवढी कापलेली.

आम्ही काकूंकडे जाऊन त्या सभेतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचे राहू दे, पुढच्या वर्षीची नोंद तू लिही. आम्ही म्हणालो, अक्षर बरे नाही. ‘मग कित्ता घे,’ म्हणाल्या, आणि डबी हातात दिली.

तेव्हापासून रोज रात्री अर्धा तास आम्ही काकांच्या पहिल्या वर्षाच्या पानावरून गिरवतो. बोरूही करून पाहिला. दोन काड्या फुकट गेल्या, तिसरीची चीर वाकडी गेली, चौथ्या काडीला कत बरा पडला. डबीतल्या न वापरलेल्या निबांपैकी तीन आम्ही वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, आणि रद्दी कागदाच्या कोपऱ्यात पहिल्या निबेची बारीक रेघ ओढून तिच्याखाली तारीख घातली आहे. विसर्जनाच्या रात्री, मिरवणूक परत आली की, नोंद लिहायची आहे. काकूंनी येऊन पाहीन असे सांगितले आहे.